आत्याचं नाव नसलेली मतपत्रिका

प्रिय रोइमाता आत्या,

घरच्या पत्त्यावर आलेली माझी मतपत्रिका घालून तू धाडलेलं पाकीट येऊन अकरा दिवस झाले आणि मी आज लिहायला बसलोय. मधे दोनदा बसलो होतो. एकदा पेन सापडेना, एकदा पेन सापडलं तर कागदावर समुद्रपक्षी शिटला. खोटं नाही, इथले पक्षी फार माजलेत. शिंपल्यांच्या बोटीवर काम बरं चाललंय. आमची कप्तान नगायरे सकाळी म्हणाली, "काय रे, प्रेमपत्र का? एवढा घाम?" म्हटलं, आत्याला लिहितोय. "अरे देवा, मग घाम बरोबर आहे!"

परवा जाळी ओढताना आपला वाइकोरारीचा किनारा आठवला. का कोण जाणे, इथलं पाणी तसं नाही. मग आपल्या गावच्या ग्रंथालयातली ती काचपेटी आठवली. तू मला दर शाळेच्या सुट्टीत तिथं न्यायचीस. आत आपल्या खापरपणजोबांचा जमिनीचा कागद. सही म्हणून त्यांनी आपल्या हनुवटीवरच्या गोंदणाची वेलांटी काढलेली. त्यांना सांगितलं होतं, जहाजं नांगरायला थोडी जागा द्या. इंग्रजीत लिहिलं होतं, डोंगरापासून नदीपर्यंत सगळं. बदल्यात हॅलर्टननं घोंगड्या दिल्या. तू काचेला नाक टेकवून म्हणायचीस, "बघ, रेघ कुठं थरथरलेली नाही. माणूस खोटं बोलत नव्हता. कागद बोलत होता." मी तेव्हा आइस्क्रीमचा विचार करत असायचो.

मुद्द्यावर येतो. येतोच.

नगरपरिषदेत इतक्या वर्षांत आपलं कुणी बसलं नाही. रस्त्याला हॅलर्टनचं नाव, पुलाला हॅलर्टनचं, कुत्र्यांच्या बागेलासुद्धा. आता कुठं आपल्या माओरींसाठी एक खुर्ची राखीव ठेवली, तू तिच्यासाठी उभी राहिलीस, आणि त्याच मतदानात गावाला विचारतायत, ही खुर्ची ठेवायची की काढायची. उन्हाळ्यात मराएच्या, आपल्या सभाघराच्या, अंगणात तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "कुणाचं नाही मिळालं तरी माझ्या भाच्याचं मत पक्कं." सगळे हसले. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच.

आत्या, अठराव्या वर्षी मतदारयादीचा अर्ज मी त्याच ग्रंथालयात भरला, त्या काचपेटीला कोपर टेकवून. बाहेर पोरं गाडीचा भोंगा वाजवत होती, लाटा चांगल्या होत्या. अर्जात विचारलं होतं, माओरी यादी की सर्वसाधारण? मला वाटलं, सर्वसाधारण म्हणजे सगळ्यांची, कटकट नको. खूण केली आणि पळालो. तू संध्याकाळी विचारलंस, "नीट भरलास ना?" मी तोंडात पाव कोंबून मान हलवली. ती मान अजून हलतेच आहे. मराएवरून आल्यावर ठरवलं होतं, यादी बदलून घेऊ. उद्या, परवा करत राहिलो. मतदानाच्या तीन महिने आधी यादी बंद होते, हे मला बंद झाल्यावर कळलं.

तुझ्या पाकिटातल्या मतपत्रिकेवर तुझं नाव नाही; त्या खुर्चीसाठी मत फक्त माओरी यादीतल्यांना. तीन गोरे आहेत, त्यातला एक हॅलर्टनांचा पणतू, दात दाखवत. मी ती उलटीपालटी केली, पाकिटात हात घालून पाहिलं. खापरपणजोबांना ती भाषा येत नव्हती. मला येत होती, आणि तरी मी वाचलं नाही.

खुर्ची ठेवायची का, हा प्रश्न मात्र माझ्याही कागदावर होता. 'ठेवा' वर खूण केली, आठ वेळा वाचून, आणि टपालात टाकली. तेवढंच हाती होतं. तुझं हक्काचं एक मत कमी आहे, आणि ते मी कमी केलंय. मोजणीनंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं, म्हणून हे पत्र. उद्या टाकेन असं म्हणणार होतो, पण खाली धक्क्यावर एक निळी गाडी येऊन थांबलीय, टपावर तुझाच प्रचाराचा फोटो. चार तासांचा रस्ता तू एकटी आलीस? नगायरे खालून ओरडतेय, "अरे, तुझा घाम आला बघ!" तू उतरतेयस. काखेत मतदारयादीचं जाड पुस्तक आहे, आणि एका पानात बोट अडकवलेलं आहे. आपल्या आडनावाचं पान असणार.

पत्र घेऊन मीच खाली येतोय.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
तामाती