अक्षता वरूनच टाकल्या

आंजी (मोठी),
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय आचल,

दसऱ्याचं सोनं उशिरा पाठवते आहे, पाकिटात चुरा झाला तरी गोड मानून घे. तुझ्या सासू-सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. इकडे सगळे बरे आहेत. वांगी चांगली निघाली. आई रोज टोपली घेऊन वर्ध्याला जाते आणि येताना माझ्यासाठी काहीबाही खायला आणते, त्यामुळे मी जाड होत चालले आहे.

फोन असताना ही बया पत्र कशाला लिहिते, म्हणून तू हसली असशील. पण आमचं घर एवढंसं, आई सदा कानाशी. मेसेज लिहून लिहून पुसला.

आपल्या प्रकल्पाच्या स्फटिकाबद्दल लिहायचं आहे.

त्याचं बीकर मी घरी आणलं हे तुला माहीतच आहे. तू सासरी गेलीस, सुट्ट्यांत प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि आपले मार्गदर्शक झाडे सर म्हणाले, "जिथे हादरा नाही आणि ऊन नाही, तिथे ठेव." म्हणून एसटीत मांडीवर घेऊन आले. कंडक्टरने विचारलं, "दूध हाय का व?" देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवलं, वरून भोकं पाडलेला कागद बांधला आणि घरात ताकीद दिली की कोणी हात लावायचा नाही. ज्या मिठाच्या द्रावणात तो वाढतो त्याचं पाकीट बाबांनी वाचलं आणि हसत सुटले. "हे तं आपलं झिरो-बावन्न-चौतीस खत! कपाशीवर फवारतो मी. याचे एवढे लाड काऊन करून राह्यली?"

आणि काय सुंदर वाढत होता गं! तू श्वास रोखून नायलॉनच्या धाग्याला बांधलेलं ते साबुदाण्याएवढं बीज बोटाच्या पेराएवढं झालं होतं. कुठे धूसर नाही, कुठे चीर नाही. दिवाळीनंतर नागपूरला एक्स-रेवर ठेवायचा, मग तोंडी परीक्षा, मग तुझी सुटका. मी रोज सकाळी कागदाच्या भोकातून बघायचे आणि मनात तुला सांगायचे.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळा, कुदळ, बाबांचा फवारणीचा पंप, गाडी, सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. मी सोनं वाटायला गावात गेले होते. आईने विचार केला, बाबांचं हत्यार पंप, तर पोरीचं हत्यार हे बीकर.

सणाच्या गडबडीत भोकातून बघायचं राहिलं, म्हणून मला दोन दिवस पत्ताच नाही. कागद पुन्हा नीट बांधलेला होता. शनिवारी भोकातून काही दिसेना म्हणून उघडलं. पाणी पिवळं. तळाशी झेंडूच्या पाकळ्या. प्रत्येक तांदळाच्या दाण्यावर बारीक बारीक खडे धरलेले, आणि आपल्या स्फटिकाच्या अंगावरही तसेच, आडवेतिडवे, एकमेकांत घुसलेले. वर्षभर आपण एकस्फटिक आणि बहुस्फटिक यांतला फरक घोकला, तो असा बघायला मिळाला.

आई मागे येऊन उभी होती. म्हणाली, "हात नाई लावला व मी. तू म्हटलं होतं ना? वरूनच टाकलं. पाह्य, एक होता, आता किती झाले!"

तिचा चेहरा इतका फुललेला होता आचल, की मी "हो ना" म्हणाले. बाहेर गेले आणि विहिरीमागे रडले. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगून काय करू? तिने ऐकलंच होतं माझं, अगदी शब्दाला शब्द. कचरा पडू देऊ नकोस, हे मी सांगितलं होतं. पण अक्षतांना कचरा कोण म्हणेल?

काल सरांकडे बीकर घेऊन गेले. ते म्हणाले, नवीन बीज धरायचं, वाढवायचं, तर या सत्रात होत नाही. पुढच्या सत्रात दोघींनी पुन्हा करा. मी म्हटलं, "सर, आचलला पुढच्या सत्रात सासरचे पाठवणार नाहीत. एवढं एक सत्र म्हणून सोडलं आहे." ते म्हणाले, "मला माहीत आहे." आणि बीकर माझ्या हातात परत दिलं. सरांवर चिडावं असंही काही नव्हतं.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. आपल्या वर्गातल्या अंकितच्या गटात एक जागा आहे. त्यांचा पातळ थरांचा प्रकल्प जवळजवळ झालाच आहे, नाव घातलं की याच सत्रात सुटता येईल. जागा एकच. येत्या सोमवारपर्यंत कळवायचं आहे.

तुझ्या सासऱ्यांशी बोलायला मी गोंदियाला येऊ का? येऊन काय सांगणार, तेही सुचत नाही. त्यांना स्फटिक म्हणजे काय, तो बिघडला म्हणजे काय, आणि त्यासाठी सुनेला आणखी सहा महिने का पाठवायचं, हे मी कोणत्या तोंडाने समजावू? आई म्हणते, आचलले दिवाळीले बोलाव, तिच्या हातानंही पूजा करू.

ती जागा मला नको असं मी सरांना सांगितलं, हे तुला लिहिता आलं असतं तर हे पत्र कालच टाकलं असतं.

तुझी,
शालू