उघडी ठेवलेली रेषा

३ जानेवारी, शनिवार
चित्र घरी आलं! महेंद्र सरांनी — शाळेत मला चित्रकला शिकवायचे ते — तरुणपणी रंगवलेलं. एका अंगाने वळून बसलेली विवस्त्र बाई. मिरजोळ्याहून रिक्षात मांडीवर धरून आणलं, चादरीत गुंडाळून. रिक्षावाल्याने विचारलं, आरसा काय? म्हटलं, हो. पुढच्या रविवारी कलाशिक्षकांसमोर या चित्रावर बोलायचंय.

आईने चित्राकडे पाहिलंही नाही. ऑपरेशनमध्ये तिचा डावा स्तन काढला, त्याला वर्ष होईल. तेव्हापासून कपाटाच्या आरशावर तिने टॉवेल टाकलाय. मलाही तो काढू देत नाही. माझी कर्तीसवरती आई अशी स्वतःपासून तोंड लपवते, ते मला बघवत नाही.

५ जानेवारी
रेषा! मानेपासून एका दमात खाली येते, खांद्यावर जाड, दंडावर केसासारखी — आणि छातीपाशी थांबते. चक्क थांबते! कमरेला पुन्हा सुरू. मध्ये नुसता रंग.

६ जानेवारी
कातडीचा म्हणतात तो रंग कुठेच नाही. खाली जांभ्या दगडाचा तांबडा, वर पातळ पिवळा, सावलीत हिरवा. जवळून बघावं तर शेवाळ धरलेला दगडांचा गडगा. मागे सरकावं तर उबदार अंग. वेड लागायची पाळी आलीय!

७ जानेवारी
डोळे मिटले तरी तो हिरवा दिसतो.

८ जानेवारी
माती खाल्ली. नक्कल करताना ती तुटलेली रेषा जोडून टाकली. सवय! वर्गात पोरांना रोज तेच सांगते — आकार पुरा करा, रेषा उघडी ठेवू नका, ग्रेड परीक्षेत मार्क जातात. जोडली आणि बाई मेली. कापडदुकानातली बाहुली झाली. खोडली, तर पुन्हा श्वास घ्यायला लागली! सरांना फोन केला. हसले. म्हणाले, मीही आधी जोडलीच होती.

९ जानेवारी
भाषणाची तालीम आईसमोर. ती कोळंबी सोलत होती. मी सुटलेच — रेषा नाही म्हणून ही बाई अपुरी नाही, रंग तिला सांभाळून घेतो, नजर तिथेच रेंगाळते... आणि लक्षात आलं, कुणापुढे बोलतेय. जीभ चावली.

आईने मान वर न करता विचारलं, "मुद्दाम सोडलीन ती रेषा?"

हो म्हटलं. मग ती कोळंबी धुवायला गेली.

११ जानेवारी, रविवार
भाषण झालं. ते राहू दे. घरी आले तर आरशावरचा टॉवेल दोरीवर वाळत होता. आई खिडकीशी खुर्ची ओढून बसलेली.

"मला काढशील काय गो? पण रेषा जोडू नको हां."