यादीतलं पहिलं नाव

तात्या, मी इथे अमेरिकेत एका कॉलेजच्या फुटबॉलवाल्यांना जेवायला वाढतो, हे कळायच्या आतच तुम्ही गेलात. कळलं असतं तर म्हणाला असतात, "सातवी शिकलेला माणूस कॉलेजात पोचला तो पळी हातात घेऊनच." खरं आहे. मिशिगनमधलं हे लहानसं गाव. थोरली लेक ॲन आर्बरला असते, तिथून गाडीने दोन तास. मी धाकटीकडे राहायला आलो आणि घरात बसून भिंतींशी बोलायला लागलो, तेव्हा तिनेच कुठूनतरी हे काम आणलं. इथला फुटबॉल म्हणजे पायाचा खेळ नव्हे. डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाड गाद्या, चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि बाकीच्यांनी अंगावर जाऊन त्याला पाडायचं. टीव्हीवर चित्राखाली उमटणारी अक्षरं वाचत वाचत मी हा खेळ शिकलो, आणि इंग्रजीही तिथेच शिकलो. त्यामुळे माझं इंग्रजी अजून ओरडल्यासारखं येतं, असं धाकटी म्हणते.

आमच्या टीमने काय खावं, किती खावं हे ठरवणारी एक मुलगी आहे. आईबाप नागपूरचे, ही जन्मलेली इथलीच. पहिल्याच दिवशी तिने मला काका म्हटलं आणि महिनाभरात अख्खी टीम काका म्हणायला लागली. अडीचशे पौंडांचा गडी ताट पुढे करून "काका, मोअर राइस" म्हणतो तेव्हा मला घर भरल्यासारखं वाटतं. ऑगस्टमध्ये, सीझनच्या आधी, आमच्याकडे एक रीत पडली आहे. दुधाच्या मशीनशेजारी पांढरा फळा आहे, त्यावर मी पाच नावं लिहायची. यंदा टीम कोणाच्या खांद्यावर चालणार, तर ह्यांच्या. गंमत म्हणून सुरू झालं. दोन-तीन वर्षं बरोबर आलं आणि गंमत संपली. कोचच्या हाताखालची माणसंही कॉफी भरता भरता फळ्यापाशी रेंगाळायला लागली. "काका, तुम्हाला कसं कळतं?" असं ती मुलगी विचारायची. मी नुसता हसायचो.

विद्या तुमचीच होती. मंगळवारच्या बाजारात बैल घ्यायचा तर लोक तुम्हाला बरोबर घेऊन जायचे. मी एकोणीस वर्षांचा असेन, एका खिलारी बैलाच्या पाठीवर थाप मारून दहा जणांत म्हणालो होतो, "वा, काय जनावर आहे!" तुम्ही सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढलीत. "उभा असताना सगळेच राजे. चालव त्याला. वळव. दगडावरून ने, पाण्याला ने, मग तोंड उघड." आणि ऐब सापडला तरी तुम्ही तो चारचौघांत कधी बोलला नाहीत. आधी मालकाच्या कानात सांगायचात, म्हणजे त्याची अब्रू राहते. मग गिऱ्हाइकाच्या कानात, म्हणजे त्याचं घर राहतं. दोन्ही कान झाल्याशिवाय तुम्ही बाजारातला चहा पीत नव्हतात. माणसांना बैलांच्या जागी ठेवतोय, ते मला बरं वाटत नाही. पण मला बघायला तुम्ही जे शिकवलंत तेच येतं. मैदानावर मला काही कळत नाही. मी बघतो ते ताट घेऊन येताना.

चेंडू फेकणारा, ज्याला हे क्वार्टरबॅक म्हणतात, तो यंदा दुसऱ्या कॉलेजातून आलाय. हात उत्तम आहे म्हणतात. पण तो कोपऱ्यात फोन बघत एकटा जेवतो आणि शेजारच्याला "ए, बडी" म्हणतो, म्हणजे नाव ठाऊक नाही. अशाला मी चौथा ठेवला. त्याच्यापुढे भिंतीसारखा उभा राहणारा जो आहे, त्याचा गुडघा मागच्या वर्षी कापून शिवलाय. तो जिना उतरताना कठड्याला हात लावत नाही, तेव्हा गुडघा बसला म्हणायचा. तो दुसरा. तिसरा एक पळणारा, ताट शिगोशिग भरतो आणि अर्धं टाकतो. अशांचा दम थंडी पडेपर्यंतच, पण तोवर कोणाला सापडत नाही. पाचवा लाथ मारून चेंडू दांड्यांमधून घालणारा. त्याला कोणी विचारत नाही आणि शेवटी सगळं त्याच्यावरच येऊन पडतं.

आणि पहिला, तात्या. बचावात मधोमध उभा राहणारा, ज्याच्या शब्दावर बाकीचे दहा हलतात. तीन वर्षं माझ्यासमोर जेवला. भात, कोंबडी, रस्सा नको. माझ्या गुडघ्यांची चौकशी करणारा टीममधला तो एकटा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो अंडी घेऊन गेला आणि दोन मिनिटांत परत आला. "काका, एग्ज?" मी म्हटलं, "अरे, हातात काय आहे?" त्याने ताटाकडे बघितलं आणि हसला, पण उशिरा हसला. दुसऱ्या दिवशी थंडगार ज्यूसच्या मशीनला कपाळ टेकवून उभा. तिसऱ्या दिवशी त्याने ताट टेबलावर ठेवलं ते टेबलाच्या अलीकडे, हवेत. सगळे टाळ्या पिटून हसले. मी फडकं घेऊन खाली बसलो, तोही बसला, आणि भात गोळा करता करता मी त्याच्या कानात विचारलं, "डोक्याला लागलंय ना?"

"इट्स नथिंग, काका."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं तर बसवतात. पहिल्या मॅचला वरच्या लीगची माणसं येणार आहेत मला बघायला. दोन आठवडे, काका. प्लीज. यू डिडन्ट सी धिस." हे सगळं तो इंग्रजीत बोलला, पण मला ते आपल्या भाषेत ऐकल्यासारखं आठवतं.

मी मान हलवली. मनाशी म्हटलं, मालकाच्या कानात सांगून झालं. बैलाचा मालक निराळा असतो. हा तर आपला आपणच मालक. त्याचं डोकं, त्याचं नशीब. मग दुसरा कान कोणाचा, हा विचार मी केलाच नाही. केला, पण पुरा केला नाही. दोन्ही कान करणाऱ्या माणसाचा मुलगा मी, एका कानावर थांबलो आणि वर त्याला तुमची रीत म्हणालो.

दोन दिवसांनी ती मुलगी पेन घेऊन आली. "काका, लिस्ट! सगळे वेट करतायत." मी चार नावं लिहिली. वरची जागा रिकामी होती. ती म्हणाली, "नंबर वन कोण? मला वाटतं तोच, बट आय डोन्ट नो, परवा तो मला थोडा स्लो वाटला. आय वॉज गोइंग टु टेल द डॉक्टर." तिचा हात दाराच्या मुठीवर होता. मी त्याचं नाव लिहिलं, सगळ्यात वर, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात. ती हसली. "ओके! काका म्हणतात म्हणजे मीच जास्त विचार करतेय." आणि तिने मूठ सोडून कॉफी घेतली.

पहिली मॅच आम्ही भटारखान्यातल्या टीव्हीवर बघतो आहोत. तो एकाला पाडतो, स्वतः उठतो, आणि चालायला लागतो तो समोरच्या टीमच्या बाकड्याकडे. आमच्यातला एक जण हसतो, "राँग वे, मॅन!" मी हसत नाही. दहा-बारा पावलं तो नीट, ताठ चालतो, जणू घरी निघालाय. मग खाली बसतो, आणि बसल्याजागी आडवा होतो. कोणीतरी आवाज बंद केला. माझ्या हातात मक्याच्या कणसांचा ट्रे होता. तो मी किती वेळ धरून उभा होतो ते मला सांगता येणार नाही.

आता तो जागा आहे. माणसं ओळखतो, कधी ओळखत नाही. चमचा धरायला नव्याने शिकतोय. त्याची आई टेक्सासहून आली आहे, प्लेनोहून. कॉलेजने तिला आमच्याकडे जेवायची सोय करून दिली. एका दुपारी ती माझ्यासमोर ताट घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हीच काका ना? तो घरी तुमच्याबद्दल सांगायचा. थँक यू फॉर लुकिंग आफ्टर माय सन." मी तिच्या ताटात भात घातला. आणखी घातला. ती "दॅट्स इनफ, सर" म्हणेपर्यंत घालत राहिलो.

कॉलेजची माणसं एकेकाला बोलावून विचारतायत, कोणाला आधी काही दिसलं होतं का. माझी पाळी आली तेव्हा समोरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही फक्त सर्व्ह करता ना?" मी म्हटलं, "येस, ओन्ली सर्व्ह." त्यांनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. त्या मुलीला मात्र तासभर बसवून ठेवलं. तिने खरं सांगितलं, की मला तो स्लो वाटला होता आणि मी बोलले नाही. बाहेर आली ती थेट धान्याच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो तर तांदळाच्या पोत्यावर बसून रडत होती. "मी पाहिलं होतं, काका. आय सॉ इट अँड आय सेड नथिंग. त्याच्या आईला मी काय सांगू?" तिने माझी यादी काढली नाही. तिच्या मनातही ते आलं नसावं. काकांचं चुकत नाही, तेव्हा चूक तिचीच. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. "उगी, बाळा," म्हणालो. तोंड होतं, शब्द होते, खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि तिचा कान माझ्या हातापासून वीतभर लांब होता.

रोज मी स्वतःला सांगतो, की शब्द दिला होता, पोराचं नशीब मोडायचं नव्हतं. सगळं खोटं नाही. पण पेन हातात घेतलं तेव्हा त्याचं नशीब माझ्या मनात नव्हतं. फळ्यावरची वरची जागा रिकामी ठेवली तर लोक कारण विचारतील, आणि भलतं नाव घातलं तर यादी खोटी ठरेल, एवढंच होतं. कोच कॉफी घेऊन त्या फळ्यापाशी थांबायचे, तात्या. सातवी शिकलेल्या माणसाच्या अक्षरासमोर थांबायचे.

आज रविवार. जेवण झाल्यावर धाकटीच्या टेबलाशी बसलोय, बाहेर कोणी गवत कापतंय. हे कागद पोस्टात टाकायचे नाहीत हे बसतानाच ठाऊक होतं. तुम्हाला सांगणं सोपं आहे, तुम्ही रागावून उठून जाणार नाही. खरं म्हणजे मी कॉलेजातल्या त्या मुलीला लिहायला बसलो होतो. "बेटा" एवढं लिहिलं, ते खोडलं, आणि वर तुमचं नाव घातलं. ती उद्या सकाळी सहाला कामावर येते. मी साडेपाचला.