चुलीतला चु

चंद्रपूर, ९ मार्च २०२५

ती. बाबा आणि आई यांस,
हर्षाचा सविनय जयभीम, वि. वि.

मी खुशाल आहे. आपल्या गावात फोनवर अर्धंच वाक्य पोचतं, आणि हे अक्षर तर काढूनच दाखवावं लागतं: つ. विळ्याच्या पात्यासारखं, हात न उचलता एका ओढीत काढायचं. लिहिता येतं, बोलता येत नाही. जपानीचा वर्ग हिंदीतून चालतो. मी वहीत 'चु' लिहून घेतलं आणि 'चुप'मधल्यासारखं म्हणते. मंजुषा मॅडम म्हणतात, हे दुसरंच अक्षर झालं. 'त्सु' म्हणावं तर जीभ अडकते. पोरी मला 'चुपचुप' म्हणू लागल्यात.

'त्सुए' म्हणजे काठी. जपानला म्हाताऱ्यांच्या सेवेच्या नोकरीला जायचं आणि काठीचं नाव घेता येऊ नये! महिनाअखेर मुलाखत आहे. माझ्या जाण्यावर आई अजून रागावली आहे का, ते विचारा. निवड झाली तरी तिच्या होकाराशिवाय मी जाणार नाही.

आहे तशीच माया असू द्या.
तुमची,
हर्षा

जांभळीटोला, ता. धानोरा
१६ मार्च

चि. हर्षा हिस,
जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

सकाळी बुद्धवंदना झाल्यावर मीही ते अक्षर म्हणून पाहिलं. माझं थेट 'सू' होतं. शेळी वळून पाहू लागली. लहानपणी मला वंदनेतले पाली शब्द तरी कुठे येत होते? म्हणता म्हणता जीभ वळली, अर्थ मागून आला. तूही म्हणत राहा.

आई मोहफुलं वेचून आली, भात रांधायला बसली, तेव्हा तुझं पत्र वाचून दाखवलं. काठीचं ऐकताच भडकली. म्हणाली, थ्या जपानी म्हाताऱ्यायले काठी देईन पोरगी, मंग मले कोन देईन? चुलीत घाला तुमचं जपान! तू विचारलंस म्हणून जसंच्या तसं लिहितो. मन लहान करू नकोस. बोलून रागावते आहे तोवर ती दूर गेलेली नाही.

जेवत जा.
तुझा,
बाबा

चंद्रपूर, २ एप्रिल

ती. बाबा आणि आई यांस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. आईच्या वाक्याला रडू आलं, आणि मध्येच थांबले. पुन्हा म्हटलं. चुलीत. चुलीत. बाबा, हा 'चु' 'चुप'चा नाहीच! जीभ दातांशी लागते आणि वारा सुटतो. 'त्सु' तो हाच! घरातला आवाज, आणि मी तो हिंदीत शोधत होते. दुसऱ्या दिवशी मनात 'चुलीत' म्हटलं आणि तोंडाने 'त्सुए'. मॅडमनी टाळी वाजवली. मुलाखतीतही तसंच केलं. माझी निवड झाली!

एक गंमत सांगते. हेच अक्षर शब्दाच्या मध्ये लहान काढलं तर ते बोलत नाही, नुसतं क्षणभर थांबतं. निवडीचं ऐकून माझी आईही तशीच थांबेल. तिला सांगा, तिच्या रागानेच मी पास झाले. कराराची वर्षं संपली की परत येईन, आणि तिची काठी मीच देईन. पण ती नाही म्हणाली तर इथेच थांबेन, हेही सांगा.

उत्तराची वाट पाहते.
तुमची,
हर्षा

जांभळीटोला, ७ एप्रिल

चि. हर्षा हिस,
जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

आईने पत्र दोनदा वाचायला लावलं. मग चुलीपुढे बसून 'चुलीत, चुलीत' पुटपुटत राहिली. मी हसलो तर म्हणाली, काऊन हासता, पोरगी पास कोनाच्यानं झाली?

थोड्या वेळाने तिने विचारलं, थे अक्षर कसं रायते? ती कधी शाळेत गेली नाही, तुला ठाऊक आहे. मी राखेत बोटाने काढून दाखवलं. तिनेही काढलं, पण चिमुकलं. मी म्हटलं, लहान काढलंस तर ते बोलत नाही.

तिने हाताने राख सारखी केली. मग चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि या कागदाच्या पाठीवर काढलं. बघ, सगळं पान भरलं आहे. मला विचारते, माहा 'हो' एवढ्यानं तरी आयकू जाईन नाई तिले?

मला लिहायला जागा उरली नाही. कोपऱ्यातून घे माझी माया.
तुझा,
बाबा