भरती नसलेल्या समुद्राचा बांध

बाबा,

आज दुपारी भांडी आवरली आणि मी पुन्हा लाकडं तोडायला गेले. सानपाड्यात, सातव्या मजल्यावर, पंख्याखाली बसून. हे तुला नीट सांगायला हवं, कारण तू गेलास तेव्हा गावात फोनसुद्धा एकाच घरी होता. टीव्हीसारखी एक काच समज. त्या काचेत एक बेट आहे. माणूस त्या बेटाच्या किनाऱ्यावर उघडावाघडा येऊन पडतो, हातात फक्त एक दगड. दगडाने झाडावर ठोकत राहिलं की लाकूड मिळतं. लाकडाला दगड बांधून कुऱ्हाड होते, मग झाड लवकर पडतं. खडक फोडून दगड काढायचे, त्यांचा पाया घालायचा, पायावर भिंती, वर छप्पर, दाराला कुलूप. लांडगे येतात. त्याहून वाईट म्हणजे माणसं येतात, कारण बेटावरचा प्रत्येक जण कुठे ना कुठे आपल्या घरात बसलेला खराच माणूस असतो, आणि स्वतः दगड फोडण्यापेक्षा दुसऱ्याची भिंत फोडणं त्याला सोपं वाटतं. हा खेळ आहे. लोक तो हौसेने खेळतात.

मला तो तुझ्या नातीने शिकवला. तू तिला पाहिलं नाहीस, ती तुझ्यानंतरची. ऐरोलीला कंपनीत नोकरी होती, चांगली होती. एक दिवस सोडून घरी आली आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी तळोज्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत आयुष्य काढलं. नमुना बिघडला तर तो का बिघडला हे कळेपर्यंत मी जागची हलत नसे. तीच सवय घरी वापरली. का सोडलीस, कोणी काही बोललं का, पुढे काय. तिचं उत्तर एकच, "आई, प्लीज." तुझे जावई असते तर त्यांनी तिला हसवलं असतं, त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. मला हसवता येत नाही. ताट दाराशी ठेवायचं आणि नंतर रिकामं उचलायचं, एवढंच उरलं होतं. मग मी निवृत्त झाले. दोघी दिवसभर घरात, मध्ये बंद दार. एका दुपारी मी दार ढकलून आत गेले, खुर्ची ओढली आणि म्हटलं, "दाखव काय करतेस ते."

"तुला नाही झेपणार, आई."

"मी सल्फ्युरिक ॲसिडचे टँकर तपासलेत."

ती हसली. कितीतरी महिन्यांनी. तिचा जुना लॅपटॉप तिने मला हॉलमध्ये लावून दिला, कानाला यंत्र दिलं, म्हणजे ती तिच्या खोलीतून बोलणार आणि मी हॉलमधून. अट एक घातली. "नोकरीचा विषय बेटावर नाही. बाहेर काय विचारायचं ते विचार. इथे नाही." मी कबूल केलं.

पहिले काही दिवस मी नुसती मरत होते. "आई, मागे बघ, मागे! अगं लांडगा!" "कुठाय?" "गेलीस." "कुठे गेले?" "मेलीस यार, आई. आता परत किनाऱ्यावरून ये चालत." आणि दाराआडून खरं हसू ऐकू यायचं, कानातलं वेगळं आणि भिंतीपलीकडचं वेगळं. मग मला जमायला लागलं. कोणत्या उतारावर चांगला खडक, कोणतं झाड जास्त लाकूड देतं, किती ओझं झालं की परत फिरायचं, हे मी तिच्यापेक्षा लवकर शिकले. ती भिंती उभ्या करायची, मी माल आणून द्यायची. समुद्राजवळ आमचं एका खोलीचं घर झालं. ती दुपारी जेवायला हॉलमध्ये येऊन बसू लागली. मी ताट दाराशी ठेवणं बंद केलं.

एकदा ती आंघोळीला गेली असताना मी होता नव्हता तेवढा सगळा दगड वापरून टाकला. समुद्राच्या बाजूने लांबच लांब बुटकी भिंत घातली आणि मध्ये पाणी काढायला जागा ठेवली. ती केस पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिली.

"हे काय आहे?"

"बांध."

"कशाला?"

"उधाणाला पाणी आत येईल."

"आई, या समुद्राला भरती येत नाही. ते फक्त चित्र आहे."

डोंगराच्या बाजूला मी एकही दगड लावला नव्हता. त्याच संध्याकाळी तिकडून कोणीतरी आले आणि आमचं सगळं घेऊन गेले, कुऱ्हाडीसकट. मला वाटलं, ती चिडेल. मी बांध पाडून निदान त्यातला दगड सोडवू लागले तर म्हणाली, "राहू दे गं. अख्ख्या बेटावर कोणाकडे नाहीये असा." मग म्हणाली, "हे तुला येतं कुठून?" तेव्हा मी तिला पहिल्यांदा तुझ्याबद्दल सांगितलं.

खारीतल्या शेताचं सांगितलं. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध, त्यात पाणी सोडायची दारं, उघाडी, आणि बांधाला खांड पडली, बांध फुटला की घरटी एक माणूस हजर. बोलावणं नाही, मजुरी नाही. ओहोटी लागली की चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे आणि भरती चढायच्या आत खांड बुजवायची, कारण खारं पाणी एकदा आत शिरलं की भात काही वर्षं विसरा. मी दहावी पास झाले त्या दिवशी तू उघाडीतून जिताडा मासा धरून आणलास आणि चुलीपुढे आईला म्हणालास, डोकं हिला दे, डोकं हिनं चालवलंय. ती हे ऐकताना दगड फोडायचं थांबली होती. मग मी पुढचं सांगितलं. नव्या शहरासाठी जमीन गेली. सह्या झाल्या, गाव त्या कामातून मोकळं झालं, बांधाकडे कोणी फिरकेना. तू मात्र जातच राहिलास. खांड पडली की एकटा. पारावरचे टोमणे मारायचे, "आरं, सरकारचा गडी झालास कं?" तू हसायचास आणि पहाटे मला उठवायचास. "ऊठ गो बाय, सुकती लागली." सुकती म्हणजे ओहोटी, हे मी तिला समजावून सांगितलं. मला कॉलेजला जायचं असायचं, माझ्या पायांना चिखल, नखांत चिखल. एकदा मी बांधावर उभी राहून तुला सुनावलं की बाबा, कायद्याने ही जमीन आता आपली नाही, हा वेडेपणा बंद कर. तू गोळा माझ्या हातात दिलास. "पन भरतीला कोन सांगल?" म्हणालास. पुढच्या वर्षी ट्रक आले आणि शेत, बांध, उघाडी, सगळ्यावर मुरूम पडला. तू त्या वेळी काय केलंस ते मला आठवत नाही. आठवायला हवं होतं. मी राहते ती सोसायटी तुझ्या शेतावर नाही, शेजारच्याच्या शेतावर आहे.

तुझ्या नातीला ही गोष्ट फार आवडली. त्या आठवड्यात ती खूप बोलली. दुसरी खोली बांधू म्हणाली, आजोबांसाठी, म्हणजे तुझ्यासाठी, खिडकी समुद्राकडे. आम्ही डोंगरावर दगड फोडत होतो, ओझं भरत आलं होतं, ती गुणगुणत होती. मला इतकं बरं वाटलं की मी म्हणाले, "एवढी मेहनत इथे करतेस. मग नोकरीचं काय ठरवलंस?"

गुणगुणणं थांबलं. तिने दगड तिथेच टाकले आणि घराकडे चालू लागली. मी मागोमाग गेले. ती आत गेली, पथारीवर आडवी झाली, आणि कानातला आवाज बंद झाला. खोलीचं खरं दारही आतून लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येईपर्यंत ती बॅग घेऊन गेली होती. तिचा एकच फोन आला. "मी ठीक आहे. शोधू नकोस, आई. प्लीज." त्यानंतर तो नंबर लागत नाही. पोलीस म्हणाले, सज्ञान आहे, स्वतः सांगून गेली आहे, आम्ही काय करणार. बरोबर आहे त्यांचं. मी चुकीचं काही विचारलं असं मला आजही वाटत नाही. चुकीच्या जागी विचारलं.

आता ऐक, मी रोज का जाते ते. या खेळात माणूस खेळ बंद करून उठून गेला तरी बेटावर त्याचं शरीर राहतं. झोपलेलं. ती तिथे आहे, बाबा, पथारीवर, कुशीवर, जशी आडवी झाली तशी. आणि घराची रीत अशी की घरातल्या पेटीत लाकूड आणि दगड भरत राहावं लागतं. घर ते खातं. पेटी रिकामी झाली की भिंतींना तडे जातात, मग एकेक भिंत नाहीशी होते आणि झोपलेलं माणूस उघड्यावर पडतं, लांडग्यांपुढे. म्हणून मी दुपारी जाते, लाकूड तोडते, दगड फोडते, पेटी भरते. डोंगराच्या बाजूला आता दुहेरी भिंत आहे. कुलपाचा आकडा तिने ठेवला तोच आहे. घरटी एक म्हणजे आता मीच.

ती आलेली नाही. एकदाही नाही, आली असती तर झोपायची जागा बदलली असती. मी रोज बघते, नमुना बघावा तशी, आधी हात कुठे होता, आज कुठे आहे. तिथेच असतो.

उद्या सकाळी हंगाम संपतो. हंगाम संपला की खेळवाले अख्खं बेट पुसून टाकतात आणि नवं काढतात. घरं, पेट्या, बांध, झोपलेली माणसं, काही उरत नाही. नव्या बेटावर मी जाऊ शकेन, पण मी एका किनाऱ्यावर पडेन आणि ती आलीच तर कुठल्या तरी दुसऱ्या. नव्या बेटावर ती येईल असं मला वाटत नाही. जुन्यावर आली नाही. हे सगळं मला माहीत आहे, आणि तरी आज दुपारी मी पेटी काठोकाठ भरली. एका रात्रीला एवढं लागत नाही. त्या वेळी बांधावर मी तुला जे सुनावलं होतं ते आज मला सुनावणारं घरात कोणी नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार? तुझ्या पत्त्यावर आता पार्किंग आहे. घडी करून कपाटात ठेवीन.

एक मात्र सांगते. कॉलेजला गेल्यावर मी तुझी बोली टाकली. घरात शुद्धच बोलायचं असा नियम केला आणि तुझ्या नातीला त्या बोलीतला एक शब्दही उच्चारू दिला नाही. आज पेटी भरून झाल्यावर मी तिच्या पथारीशी उभी राहिले. कानाचं यंत्र चालू होतं. बेटावर जवळपास कोणी असतं तर त्याला ऐकू गेलं असतं. मी तरीही म्हणाले, मोठ्याने म्हणाले, "ऊठ गो बाय, सुकती लागली."