चाळीसच्या जागी ऐंशी

उस्ताद, तुमच्या लेकीच्या गाडीत मी चाळीस अँपिअरच्या जागी ऐंशीचा फ्यूज घातलाय. तुम्ही असताना हे वाक्य तुमच्या तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नसती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आत्ता ते कागदावर उतरवताना डावी मूठ आपोआप मिटली. दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलोय. रविवार आहे, सकाळचे अकरा वाजून गेलेत, लोक मटणाच्या पिशव्या घेऊन घरी निघालेत. तुमचं स्टूल अजून तिथंच आहे, बॅटरीच्या रॅकशेजारी. त्यावर मी कुणाला बसू देत नाही आणि स्वतःही बसत नाही.

महिन्यापूर्वी ती आली. आता मोठी बाई झाली आहे, राधानगरीच्या शाळेत शिकवते, कळंब्यात घर केलंय, दोन मुलं आहेत. पण कोल्हापूरच्या सगळ्या पोरींसारखी अजून "येतो, जातो"च म्हणते. "भाऊ, मी रोज दोन-दोन तास गाडीत असतो. कंपनीचे स्पीकर नुसते खरखरत्यात. चांगला आवाज करून द्या की." मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला दाखवलंस का? तर माझ्यावरच उखडली. "अब्बांचं दुकान हाय न्हवं ह्ये? मग दुसऱ्याकडं कशाला जाऊ?" ते ऐकून मी असा फुगलो म्हणता! दारांत नवे स्पीकर घालू, पत्रा थरथरू नये म्हणून आतून चिकटपट्ट्या लावू, समोर मोठा स्क्रीन, सीटखाली ॲम्प्लिफायर, डिकीत बेसचा डबा, सगळं मीच सुचवलं. तिनं मागितलं होतं वाटीभर, मी पातेलं वाढलं. गाडी लहान, सिस्टीम दांडगी. नाकापेक्षा मोती जड. वर म्हणालो, "काळजीच करू नकोस, तुझ्या अब्बांच्या हातचं काम समज."

तुमच्या हातचं काम कसं असायचं ते मला पाठ आहे. बॅटरीपासून एका वितीच्या आत फ्यूज. तार इंजिनाकडून आत येते त्या पत्र्याच्या भोकात रबरी कडी, म्हणजे पत्र्याची धार तारेला चावत नाही. सगळं बसवून झालं की आवाज पूर्ण चढवून तुम्ही चहा मागवायचा. गिऱ्हाईक किल्लीसाठी हात पुढे करून उभं, आणि तुम्ही बशीत चहा ओतून सावकाश पिताय. चहा संपला की उठायचं, तारेवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटायचे. "हाताला ऊन लागली म्हंजे काम कच्चं," एवढंच म्हणायचा. तार गार लागल्याशिवाय किल्ली कुणाच्या हातात गेली नाही. ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला रंगवून सांगतो. लोकांना आवडते.

आणि तो शिरोळचा ट्रॅक्टर. उसाचा हंगाम जोरात, मी तुमच्याकडं लागून दोन वर्षं झालेली, नुकतं लग्न झालेलं, अंगात मस्ती. ड्रायव्हर दारात घाई करत उभा आहे. "उरका की पावणं, कारखान्यावर नंबर लागलाय. डेक वाजला न्हाय तर वाटंत डोळा लागंल माझा." फ्यूज बसवला की उडतोय, दुसरा बसवला की तोही उडतोय. तुम्ही नमाजाला गेला आहात. मी सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढतो, गुंडाळून फ्यूजच्या जागी दाबतो, आणि टेपचा डेक असा दणकतो की समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर येतात. तुम्ही परत येता. आवाज ऐकूनच तुमचं तोंड उतरतं. तुम्ही ओरडत नाही. माझं मनगट धरून मला ट्रॅक्टरपाशी नेता, माझा डावा तळहात तारेवर ठेवता आणि त्यावर स्वतःचा दाबता, बोटं अशी फाकवून की तुमचीही तारेला लागतील. तो चटका क्षणभराचाच होता. तुम्ही हात काढलात तेव्हा दोघांच्याही कातडीवर रेघ उमटली होती. मग तुम्ही म्हणालात, "फ्यूज उडतोय म्हंजे त्यो कायतरी सांगतोय. त्याचं तोंड दाबू नगंस. का उडला त्ये हुडीक." त्या संध्याकाळी हाताला लावायला मलमाची डबी तुम्हीच आणून दिलीत. तुमची रेघ तुमच्याबरोबर मातीत गेली. माझी अजून आहे.

एवढं शिकलेला माणूस मी. तिची गाडी दिल्यावर पाचव्या दिवशी ती परत आली. "भाऊ, सगळं गप्पच झालं वो. घाटात मुलं गाणी म्हणत होती आणि एकदम बंद." मी बॉनेट उघडलं, चाळीसचा फ्यूज जळालेला. तो का उडाला ते बघायचं तर सीट काढावी लागणार, खालचा गालिचा उचलावा लागणार, तार शेवटपर्यंत हातानं चाचपावी लागणार. दारात आणखी तीन गाड्या होत्या. मी ऐंशीचा ठोकला. ती विचारत होती, "काय झालतं?" मी हसून म्हणालो, "काही नाही गं, फ्यूज हलका होता." ती खूश होऊन गेली. तिच्या अब्बांच्या दुकानात तिला कोण फसवणार?

आज सकाळी पान्यांचा ट्रे झाडताना त्यात रबरी कडी सापडली. कोरी. तिच्याच गाडीसाठी काढलेली, साइजही तीच. तेव्हा मला तार ओढली त्या दिवशीचं आठवलं: भोक अडचणीचं होतं, कडी बसेना, म्हटलं तार आधी ओढून घेऊ, मग बसवू. ते मग राहिलंच. आणि मी चहाही मागवला नव्हता. उस्ताद, म्हणजे महिनाभर ती तार उघड्या पत्र्याच्या धारेवर घासतेय, राधानगरी रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला. पहिला फ्यूज तेच सांगत होता. ऐंशीचा काही सांगणार नाही. तो गप्प बसेल आणि तार तापत राहील, तिच्या पायाशी, गालिच्याखाली, जिथं वास येईपर्यंत कुणाला कळत नाही.

मी लगेच फोन केला, हे खरं आहे. तिनं उचललाही. मागं मुलांचा दंगा, तिच्या अम्मींचा आवाज, "डबं घेतलंस का गं?" मामूंकडं दाजीपूरच्या बाजूला निघाले होते सगळे. मला म्हणायचं होतं, गाडी सुरू करू नकोस. तोंडातून निघालं, "अगं, एकदा गाडी दाखवून जा. सहज. फुकट सर्व्हिसिंग करून देतो." ती हसली. "आता कशाला वो भाऊ? झकास वाजतंय. पुढच्या रविवारी आणतो की." मग अम्मींनी फोन घेतला. म्हणाल्या, "बाबा, गाडीतला आवाज ऐकून ह्यांचीच आठवण येतीया बघ. त्यांचं काम असंच असायचं." झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, सावकाश जावा. फोन ठेवला, शटर ओढलं आणि कागद घेतला.

मध्ये एकदा बाहेर जाऊन आलो. एक गाडी समोरून मोठ्यानं गाणी लावून गेली आणि मी उगाच तिच्या मागं चार पावलं धावलो. ती वेगळ्याच रंगाची होती. हॉटेलवाल्यानं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, काही नाही. आजकाल हे माझं ठरलेलं उत्तर झालंय. परत येऊन कडी खिशात टाकली, चाळीसचा फ्यूज घेतला, पाने घेतले, दुचाकीची किल्ली काढली. बाकी सगळं टेबलावर मांडलं आणि पुन्हा लिहायला बसलो, म्हटलं एवढं पुरं करू. माझी मला चीड येतेय, उस्ताद. भीती त्याहून जास्त वाटतेय.

आत्ता तिला फोन परत लावला. बाई सांगतेय, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. म्हणजे राधानगरीच्या पुढं जंगलात शिरले असतील. त्या रस्त्याला ती आवाज मोठा करते, तिनंच मला सांगितलंय, कारण मुलांना तिथं माकडांची भीती वाटते.

निघतो. हे ड्रॉवरमध्ये ठेवून जातो, कुठं पाठवायचं ते मला माहीत नाही. एक कबूल करतो. हे एवढं लिहायला मला तासाच्या वर वेळ लागला. तिला सांगायला एक वाक्य पुरलं असतं आणि तेव्हा गाडी कळंब्यात दारात उभी होती. आधी तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही आता माझा हात धरू शकत नाही.