आजोबांनी की आजोबांना

गोत्सु, १४ नोव्हेंबर

प्रिय कात्सु,

इकडे समुद्रावरून बोचरा वारा सुटला आहे. खेकड्यांच्या बोटी पुन्हा बाहेर पडू लागल्या. नागोयालाही थंडी पडली असेल. तू आणि मिहोको बरे असाल अशी आशा करते. मुळे वाळायला टांगले आहेत, लोणचं मुरलं की पाठवीन.

परवा फोनवर तू बोलत होतास आणि मी नुसती हं हं करत होते. तू चिडलास की मला मध्ये बोलता येत नाही. म्हणून पत्र.

वृद्धाश्रमाच्या शिओमीबाईंनी तुला जे कळवलं, ते त्यांनी जसं ऐकलं तसंच कळवलं. त्यांच्यावर राग धरू नकोस. बाबांचं सगळं करणारी सुलास्त्री, ती इंडोनेशियाची मुलगी, सकाळी पाळी बदलताना म्हणाली, "ओजीसान गा तातकारेमाशिता." आजोबांना मारलं गेलं. बाईंनी विचारलं, "कोणाकडून?" ती म्हणाली, "माझ्याकडून." मग तुला फोन गेला. थोरला मुलगा म्हणून तू तक्रार केलीस, तिला हाकला आणि पोलिसांना कळवा म्हणालास. तिला कामावरून बाजूला केलं आहे. काम गेलं तर तिला मायदेशी परतावं लागेल.

आता थोडं व्याकरण. ताईची शिकवणी सुरू झाली, असं म्हणशील. म्हण, पण वाच.

दर रविवारी मी नगरभवनात परदेशी कामगारांना आपली जपानी भाषा शिकवते, हे तुला माहीत आहे. सुलास्त्री माझ्याच वर्गात येते, मला 'सेन्सेई', बाई, म्हणते. वडीलधाऱ्यांबद्दल साधं क्रियापद वापरायचं नाही, त्याला आदराचा शेवट लावायचा, हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं. आणि 'मारलं गेलं' यालाही नेमका तोच शेवट लागतो. आपण लहानपणापासून बोलतो, म्हणून आपल्याला ते खटकत नाही. तिच्या त्या वाक्याचा अर्थ 'आजोबांना मारलं गेलं' असा होतो, तसाच 'आजोबांनी मारलं' असाही होतो, फक्त अदबीनं सांगितलेलं. बाईंनी विचारलं, "दारे नि?" त्यातला 'नि' म्हणजे 'कडून', आणि 'ला' सुद्धा. तिला ऐकू आलं, कोणाला? ती म्हणाली, मला. बाईंना ऐकू आलं, माझ्याकडून.

हे मी घरबसल्या रचलेलं नाही. मी तिच्या खोलीवर गेले होते. ती उंबऱ्याशी गुडघे टेकून बसली आणि म्हणाली, "सेन्सेई, मी चुकीचं बोलले का?"

मी म्हटलं, "नाही. वाक्य बरोबर होतं."

ज्या हातानं मारलं त्या हाताविषयीसुद्धा तिनं आदराचं रूप वापरलं होतं, का तर मी तसं शिकवलं होतं.

मग तिनं डोक्यावरचा रुमाल सैल करून दाखवलं. कानामागे काळंनिळं पडलं होतं. डाव्या.

बाबा आता स्वतःचा पेला धरताना थरथरतात, पण भट्टीवर जन्मभर कौलं उचललेला हात आहे तो. आणि जागा तीच.

कात्सु, तू फोन नेहमी उजव्या कानाला लावतोस. मिहोकोनं एकदा मला विचारलं होतं, लहानपणी ह्यांचा डावा कान गेला तो कसल्या तापानं? मी म्हटलं, आठवत नाही.

आई आठवते का? 'त्यांनी मारलं' असं ती कधीच म्हणाली नाही. 'मार बसला' म्हणायची, जसं आपण पावसानं गाठलं म्हणतो तसं. पावसाला कोण जाब विचारणार? सोसणाऱ्याचा त्रास तेवढा सांगायचा. आपल्या भाषेत करणाऱ्याचं नाव गाळलं तरी वाक्य पुरं होतं. शेजारच्या बायका 'फार त्रास झाला तुम्हाला' म्हणायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. कोणाकडून, हे एकीनंही विचारलं नाही.

सोमवारी बैठक आहे. घरी पूर्वी कधी असं घडलं होतं का, असं शिओमीबाई विचारणार आहेत. मी बाबांचं नाव घेणार आहे. तू फक्त आड येऊ नकोस, असं आधी लिहिणार होते. पण तेवढ्यानं भागणार नाही. तक्रार तुझी आहे, आणि थोरल्या मुलासमोर माझ्या शब्दाला वजन नाही. तूही बोल.

तुझी ताई

* * *

गोत्सु, २ डिसेंबर

प्रिय कात्सु,

लोणचं निघालं आहे. यंदा मीठ जरा जास्त झालं, पाण्यात ठेवून मग खा.

बैठकीआधीच तुझा फोन आला होता, हे मला शिओमीबाईंनी नंतर सांगितलं. तू म्हणालास म्हणे, "माझा डावा कान वडिलांनी फोडला. ती मुलगी खरं बोलते आहे." सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

तक्रार मागे घेतली गेली. सुलास्त्रीसमोर सगळ्यांनी कमरेत वाकून माफी मागितली. तीही वाकली, आणि कोणी आधी सरळ व्हायचं ते कोणालाच कळेना. आता बाबांजवळ नेहमी दोघं असतात.

पण ती चालली आहे. हिरोशिमाजवळ दुसऱ्या वृद्धाश्रमात काम मिळालं. मी थांब म्हटलं. तर म्हणाली, "रागावले नाही मी, सेन्सेई. पण इथे आता सगळे माझ्याशी फार हळू बोलतात."

काल बाबांकडे गेले होते. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांनी विचारलं, "त्या लोकांना कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं. आणि कात्सुनं."

"मी कधी कोणावर हात उचलला?"

मी म्हटलं, "बाबांनी आईला मारलं. कात्सुला मारलं." सरळ क्रियापद, आदराच्या शेवटाशिवाय. त्यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा तसं बोलले. ते भिंतीकडे तोंड करून निजले. पांघरूण घसरलं होतं, ते मी सारखं केलं. का केलं, कोण जाणे.

पण कात्सु, तिसरं नाव माझ्या तोंडातून निघालं नाही. मुलगी म्हणून मी वाचले, असं तुला वाटत आलं, आणि मी तसं वाटू दिलं. तू घर सोडून गेलास त्या हिवाळ्यापासून सुरू झालं. तुला दोष देत नाही. तू गेला नसतास तर वाचला नसतास.

तिथं जे बोलता आलं नाही, ते इथे लिहिते. बाबांनी मला मारलं.

नववर्षाला आलात तर बाबांना भेटायलाच हवं असं नाही. घरी या. आणि हे पत्र मिहोकोलाही वाचू दे.

बाबांची मुलगी आणि तुझी बहीण,
यासुए